युकाम: मेट्रो स्थानकाच्या डोक्यावरचं विद्यापीठ

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मेट्रोतल्या हिरव्या, नारिंगी आणि पिवळ्या मार्गिका एकाच स्थानकात भेटतात. १९६६ साली सुरू झालेल्या या स्थानकाचं नाव १९८८ पर्यंत बेरी-द-माँतिन्यी होतं, आता ते बेरी-युकाम आहे. फलाटावरून वर आलात की बाहेरच्या थंडीत पाऊल न टाकता युकाममध्ये, म्हणजे युनिव्हर्सिते द्यु केबेक आ माँरेआल या फ्रेंच विद्यापीठात शिरता येतं. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पत्ता आहे ए-एम१००. त्यातला 'ए' म्हणजे उबेर आकँ इमारत, 'एम' म्हणजे मेट्रोचा मजला. वेळापत्रकात सगळ्या खोल्या अशाच लिहिलेल्या असतात: आधी इमारतीचं अक्षर, मग मजला, मग खोली. 'जे' म्हणजे ज्युदित जास्मँ, 'आर' म्हणजे व्यवस्थापन शाखा, 'पीके' म्हणजे प्रेझिदाँ-केनेडी. पहिल्या आठवड्यात तास चुकतात ते बहुतेक या अक्षरांकडे दुर्लक्ष केल्यामुळेच, कारण 'पीके' आणि विज्ञान संकुलाच्या बाकीच्या इमारती इथे नाहीत. त्यांच्यासाठी हिरव्या मार्गिकेने दोन स्थानकं पुढे, प्लास-दे-झार्तला उतरावं लागतं. चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटं, आणि जानेवारीत उणे वीस अंशांत ती बरीच लांब वाटतात.

शहरातल्या बाकी विद्यापीठांपैकी १८२१ चं मॅक्गिल इंग्रजी, कॉन्कॉर्डियाही इंग्रजी. १८७८ चं युनिव्हर्सिते द माँरेआल फ्रेंच खरं, पण ते डोंगराच्या उतारावर बसलेलं. साठच्या दशकात केबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्यात येतं त्या प्रांतात, शिक्षण चर्चच्या हातून सरकारकडे आलं, तेव्हा फ्रेंच बोलणाऱ्या सामान्य घरांतल्या मुलांसाठी प्रांतभर सार्वजनिक विद्यापीठांचं जाळं उभारायचं ठरलं. डिसेंबर १९६८ मध्ये कायदा झाला आणि १९६९ च्या शरदात युकामचे वर्ग भरले. वर्ग शून्यातून आले नव्हते. सँत-मारी कॉलेज, ललितकला विद्यालय आणि काही अध्यापक विद्यालयं एकत्र करून हे विद्यापीठ बनलं. कला आणि शिक्षणशास्त्र या दोन शाखा इथे पहिल्यापासून भक्कम आहेत, त्या याच वारशामुळे.

१९७९ मधल्या ज्युदित जास्मँ इमारतीत सँ-झाक चर्चचा मनोरा आणि दक्षिणेची दर्शनी भिंत तशीच ठेवून बाकी सगळं तपकिरी विटांत बांधलं. बाहेरून देखणं आहे. आतले बोळ मात्र अंधारे आणि चक्रव्यूहासारखे, खिडकी नसलेल्या वर्गखोल्याही पुष्कळ. ज्यांना हिरवळ आणि झाडाखालचे बाक हवेत त्यांनी इथे येऊ नये. कुंपण नाही, फाटक नाही. सँ-देनी रस्ता हाच काय तो आवार. जवळच्या एमिली-गामलँ चौकात बेघर आणि व्यसनात अडकलेली माणसं दिवसभर दिसतात. रात्री नऊला तास सुटला की चौक ओलांडण्यापेक्षा आतल्या आत मेट्रोत उतरणं बरं.

सहा विद्याशाखा आणि व्यवस्थापनाची स्वतंत्र शाळा असा पसारा आहे. वैद्यकीय शाखा नाही, आणि अभियांत्रिकीचं मोठं काम याच जाळ्यातल्या एकोल द तेक्नोलॉजी सुपेरियर या भावंडाकडे आहे. इथे यावं ते संज्ञापन, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, डिझाइन, नृत्य, कलेचा इतिहास आणि पर्यावरणविज्ञान यांसाठी. परिसंस्थेचे अभ्यासक पिएर दाँसरो यांचं नाव विज्ञान संकुलाला दिलंय, ते उगीच नाही. लैंगिकताशास्त्राला इथे स्वतंत्र विभाग आहे, असं उदाहरण जगातही विरळाच.

आता अभ्यासाचं गणित. एक विषय साधारण ३ क्रेडिटचा. एका क्रेडिटमागे ४५ तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे एका विषयाला १३५ तास: वर्गात ४५, घरी ९०. पदवी ९० क्रेडिटची आणि तीन वर्षांची. १२ क्रेडिट घेतले की पूर्णवेळ विद्यार्थी, पण पदवी तीन वर्षांत संपवायची तर सत्राला १५ घ्यावे लागतात. एका विषयाचा वर्ग आठवड्यातून एकदाच, तीन तासांचा सलग: सकाळी ९.३० ते १२.३०, दुपारी २ ते ५, किंवा संध्याकाळी ६ ते ९. नोकरी करणाऱ्याला हे फार सोयीचं. उलट एक वर्ग बुडाला की त्या विषयाचा पूर्ण आठवडा गेला. साडेबारा ते दोन सगळ्यांची एकदमच सुट्टी, त्यामुळे डबा गरम करायच्या मायक्रोवेव्हपुढे रांग. विद्यार्थ्यांनी चालवलेली उपाहारगृहं, उदाहरणार्थ कॅफे आकँ, विद्यापीठाच्या मोठ्या खानावळीपेक्षा स्वस्त पडतात.

एका गोष्टीचं कौतुक करायलाच हवं. सत्राच्या सुरुवातीला प्राध्यापक आणि वर्ग मिळून मूल्यमापनाचा करार करतात: निबंधाला किती टक्के, परीक्षेला किती, कोणत्या तारखेला. विद्यार्थ्यांच्या सह्या होतात आणि नंतर एकट्या प्राध्यापकाला तो बदलता येत नाही. कोणत्याही एका परीक्षेला ५० टक्क्यांहून जास्त वजन देता येत नाही. वर्षअखेरच्या एकाच पेपरवर सगळं ठरण्याची सवय असलेल्यांना हे आधी सुटसुटीत वाटतं, मग कळतं की दर तीन आठवड्यांनी काहीतरी द्यायचंच असतं. उताऱ्यांच्या चोरीला नियम क्रमांक १८ लागतो आणि तो कागदावरच राहत नाही. पुस्तकातलं वाक्य अवतरणचिन्हांशिवाय उतरवणं हाही गुन्हाच धरतात.

भारतातून अर्ज करणाऱ्यांची पहिली फसगत शब्दात होते. फ्रान्समध्ये 'बाकालोरेआ' म्हणजे शाळा संपतानाची परीक्षा, केबेकमध्ये त्याच शब्दाचा अर्थ पदवी. अलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रान्सची पुस्तकं वापरून शिकलेले नेमके इथेच अडकतात. दुसरी अडचण वर्षांची आहे. केबेकमधली मुलं अकरा वर्षं शाळा आणि दोन वर्षं सेजेप (शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधलं महाविद्यालय) करून येतात, म्हणजे एकूण तेरा. आपली दहावी अधिक बारावी मिळून बाराच होतात. तेरापेक्षा कमी वर्षं झालेल्या उमेदवारावर युकाम जास्तीत जास्त दहा पूरक विषय लादू शकतं. दहा विषय म्हणजे जवळपास एक वर्ष, त्याचं शुल्क वेगळं. पूरक विषयांची अट घालणारं पत्र हाती पडल्यावर धक्का बसण्यापेक्षा खर्चाच्या अंदाजात आधीच एक वर्ष वाढवून ठेवा. भारतातून पदवी घेऊन पदव्युत्तरला येणाऱ्यांना ही अडचण कमी भासते.

शुल्काबद्दल स्पष्ट बोलायला हवं. फ्रान्स आणि बेल्जियमच्या विद्यार्थ्यांना करारामुळे सवलत मिळते, भारतीयांना नाही. २०१९ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावरचं सरकारी नियंत्रण उठलं, पण संशोधनावर आधारित पदव्युत्तर आणि पीएच.डी. त्यातून वगळले गेले. म्हणून आमच्या मते भारतातून येणाऱ्यासाठी इथला खरा सौदा संशोधनाचा आहे; मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून मानधन मिळालं तर आणखी बरं. पदवी स्वतःच्या खिशातून करणं महागात पडतं. वैद्यकीय विम्याचंही तसंच: भारताशी केबेकचा करार नाही, त्यामुळे विद्यापीठाचा गटविमा सक्तीने घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे बिलात येतात.

कागदपत्रांचा क्रम असा: आधी प्रवेशपत्र, मग केबेक सरकारचं स्वीकृती प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'सेआक्यू' म्हणतात, आणि त्यानंतर कॅनडाचा विद्यार्थी परवाना. क्रम उलटला की फाइल परत येते. शरद सत्राच्या बहुतेक पदव्यांसाठी १ मार्च ही तारीख असते, पण परदेशातून अर्ज करणाऱ्याने डिसेंबरातच अर्ज टाकावा. मार्चला अर्ज केला तर सप्टेंबरपर्यंत दोन्ही सरकारांची कागदपत्रं हाती येणं म्हणजे नशिबाचा खेळ. कायमच्या वास्तव्याचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा बदललेत की केवळ त्या आशेवर हे विद्यापीठ निवडू नये.

फ्रेंच बी२ पातळीपर्यंत (युरोपीय भाषामापनातली मध्यमाच्या वरची पायरी) आलं की अर्ज करता येतो असा सर्वसाधारण समज आहे. पण प्रमाणपत्र मिळणं आणि तीन तासांचं व्याख्यान समजणं यांत मोठं अंतर आहे. केबेकचे उच्चार पॅरिसच्या ध्वनिफितींसारखे नाहीत: 'त्यू' तिथे 'त्स्यू'सारखं ऐकू येतं, आणि बोलताना अर्धी अक्षरं गिळली जातात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून किंवा मुंबईच्या अलियाँसमधून बी२ करून निघणाऱ्याने निदान चार महिने रोज रेडिओ-कानडा, म्हणजे कॅनडाचं फ्रेंच सार्वजनिक प्रसारण, ऐकावं. लिहिण्यात मात्र सूट नाही, व्याकरणाच्या चुकांचे गुण कापले जातात. सेमिनारमध्ये सगळे एकमेकांना आणि पुष्कळ प्राध्यापकांनाही एकेरी 'त्यू' म्हणतात. संकोच वाटला तर आदरार्थी 'वू' चालतं, कुणी हसत नाही.

संप हा इथल्या वेळापत्रकाचा जवळपास अधिकृत भाग आहे. १९७६-७७ मध्ये प्राध्यापकांचा संप सुमारे चार महिने चालला. २०१२ च्या शुल्कवाढविरोधी आंदोलनात युकामच्या विद्यार्थी संघटना आघाडीवर होत्या. प्रत्येक विद्याशाखेची संघटना सर्वसाधारण सभेत हात वर करून संप ठरवते, आणि ठरला की वर्ग अडवायला दारात विद्यार्थ्यांची फळी उभी राहते. सत्र लांबू शकतं, म्हणून परतीचं तिकीट बदलता येण्याजोगं घ्या. सभेला जा, मत द्या. तक्रार करायची तर तिथेच करायची असते.

अभ्यासाला जागा कमी पडली तर रस्त्यापलीकडे २००५ साली उघडलेलं प्रांतिक ग्रंथालय, ग्राँद बिब्लिओतेक, आहे. तेही मेट्रोशी आतून जोडलेलं. सभासदत्व फुकट, वाचनटेबलं विद्यापीठापेक्षा पुष्कळच शांत.

घर स्वतःच शोधावं लागतं, वसतिगृहाच्या भरवशावर राहू नये. मॉन्ट्रियलमधले बहुतेक भाडेकरार १ जुलैला सुरू होतात आणि बारा महिन्यांचे असतात, त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी पोहोचणाऱ्याला उरलेलं निवडावं लागतं. एक लक्षात ठेवा: केबेकच्या कायद्यानुसार घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ मागू शकतो, पण त्याखेरीज कसलीही अनामत मागू शकत नाही. दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट ऑनलाइन पाठवायला सांगणारा माणूस एक तर नियम जाणत नाही, नाहीतर घर त्याचं नाही.