प्रोटीन डेटा बँक: चित्रासोबत पुरावाही हाती देणारी सेवा

पदव्युत्तर वर्गाला जैव-असेंद्रिय रसायनशास्त्र (सजीवांतील धातूंचे रसायनशास्त्र) शिकवताना मी गेली अनेक वर्षे प्रोटीन डेटा बँक ही प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह असलेली सेवा वापरते आहे, आणि प्रथिनांमधील धातूंचा मनापासून अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी तिच्या तोडीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. १९७१ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झालेल्या या संग्रहाने २०२३ च्या आरंभी २ लाखांचा टप्पा ओलांडला, आणि त्यातील बहुतांश रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्रातून, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण सोडून अणूंच्या जागा शोधण्याच्या पद्धतीतून, आलेल्या आहेत. अमेरिका, युरोप आणि जपान येथील केंद्रे तो एकत्रितपणे सांभाळतात. दर बुधवारी नव्या रचना खुल्या होतात, आणि त्या पाहण्यासाठी वर्गणी तर नाहीच, साधी नावनोंदणीही लागत नाही.

या सेवेचे खरे मोल मला नायट्रोजिनेजच्या नोंदींनी पटवून दिले. हवेतील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करणारे हे विकर ॲझोटोबॅक्टर या जिवाणूपासून मिळवून त्याचे स्फटिक केले गेले. आपल्याकडे ज्वारी-गव्हाच्या बियाण्याला पेरणीपूर्वी चोळतात ते जिवाणू संवर्धन याच गटातले, हे सांगितले की वर्गातील शेतकरी घरांतली मुले सावरून बसतात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डग्लस रीस आणि जोंगसुन किम यांनी १९९२ साली या विकरातील लोह-मॉलिब्डेनम गुच्छाची (हे धातू आणि गंधक यांच्या एकत्र जुळलेल्या अणूंच्या समूहाची) रचना प्रसिद्ध केली, तेव्हा गुच्छाच्या मधोमध पोकळी असल्याचे दिसत होते. दहा वर्षांनी, २००२ साली, १.१६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) इतक्या सूक्ष्म विभेदनाच्या, म्हणजे तेवढे बारीक तपशील वेगळे दाखवणाऱ्या, मोजणीत त्या पोकळीत एक हलका अणू आढळला. तो आधी का दिसला नव्हता, याचे कारण स्फटिकशास्त्राच्या गणितातच होते. भोवतालच्या लोह आणि गंधकाच्या जड अणूंमुळे इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात (कुठे किती इलेक्ट्रॉन आहेत, ते दाखवणाऱ्या नकाशात) तरंग उमटतात, आणि मर्यादित विभेदनाच्या नकाशात नेमक्या केंद्रस्थानी या तरंगांनी त्या अणूची घनता पुसून टाकली होती. पुढचा प्रश्न त्याहून बिकट होता. क्ष-किरण विखुरले जातात ते इलेक्ट्रॉनांमुळे. कार्बनमध्ये ते ६, नायट्रोजनमध्ये ७ आणि ऑक्सिजनमध्ये ८, त्यामुळे २६ इलेक्ट्रॉनांच्या लोहअणूंच्या गराड्यात हा एकेका इलेक्ट्रॉनाचा फरक ओळखणे अत्यंत कठीण होते. तो अणू कार्बनचा आहे, हे अखेर २०११ साली १.० अँगस्ट्रॉमची स्फटिकरचना आणि वर्णपटांचा अभ्यास यांच्या जोडीने सिद्ध झाले.

हा सारा प्रवास या संग्रहात पुसला गेलेला नाही. २००२ ची नोंद १एम१एन (1M1N) उघडली, तर गुच्छाचे नाव सीएफएन असे दिसते आणि त्याच्या मध्यभागी नायट्रोजन आहे; २०११ ची ३यू७क्यू (3U7Q) उघडली, तर नाव आयसीएस आहे आणि मध्यभागी कार्बन. त्या त्या वेळी शास्त्रज्ञांनी काय पाहिले आणि त्याचा अर्थ काय लावला, हे विद्यार्थ्याला शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. मला हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातील अंतिम आकृतीपेक्षा मोलाचे वाटते. शिवाय फेब्रुवारी २००८ पासून स्फटिकरचनेसोबत मूळ मोजणीची आकडेवारी देणे बंधनकारक असल्याने, मोलस्टार या दर्शकात (रचना फिरवून पाहण्याच्या साधनात) इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा सुरू करून प्रत्येक अणू खरोखर कशाच्या आधारावर बसवला आहे, ते ज्याचे त्याला तपासता येते.

नवख्याने मात्र इन्सुलिनच्या ४आयएनएस (4INS) या नोंदीपासून सुरुवात करावी. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या गटाचे हे काम, आणि भारतात प्रथिन-स्फटिकशास्त्राची पायाभरणी करणारे एम. विजयन हेही त्यातील एक सहकारी. मूळ नोंद उघडताच जस्ताच्या अणूभोवती इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी बी साखळीतील दहाव्या स्थानाचे एकच हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल) दिसते आणि विद्यार्थी हमखास गोंधळतात. जस्ताचा अणू स्फटिकाच्या तिहेरी सममिती-अक्षावर (ज्याभोवती १२० अंशांनी फिरवले तरी रचना तशीच दिसते अशा रेषेवर) बसलेला असल्यामुळे नोंदीत रचनेचा तिसरा हिस्साच दिलेला असतो. जैविक संच (बायोलॉजिकल असेंब्ली) हा पर्याय निवडला की इन्सुलिनचे सहा रेणू गोलाकार जुळून येतात आणि प्रत्येक जस्ताला धरलेली तीन हिस्टिडीने स्पष्ट दिसतात. सममिती म्हणजे काय, हे मी फळ्यावर तासभर समजावूनही जे साधत नाही, ते या एका कृतीने साधते.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. प्रत्येक नोंदीसोबत येणारा पडताळणी अहवाल साखळीची घडण बारकाईने तपासतो, आणि त्यात भारतीय शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांचा, साखळीच्या वळणांचे कोन शक्य आहेत का ते दाखवणारा आलेख आजही वापरला जातो याचा मला अभिमान वाटतो. पण धातूची जागा पारखायला तेवढा अहवाल पुरत नाही. त्यासाठी व्हर्जिनिया विद्यापीठातील चेकमायमेटल ही विनामूल्य सेवा जोडीला घ्यावी. ती धातूभोवतीची अंतरे, भूमिती आणि संयुजा तपासून देते. दुसरे असे की नोंदीत लोहाबद्दल ‘फेरिक’ (अधिक धनभारित) किंवा ‘फेरस’ (कमी धनभारित) असे लिहिलेले असले, तरी बहुतेक वेळा ते संशोधकांनी गृहीत धरलेले असते, मोजलेले नसते. क्ष-किरणांनी स्वतःच धातूचे क्षपण होते, म्हणजे त्याला जास्तीचे इलेक्ट्रॉन मिळून त्याची अवस्था बदलते, ही अडचण तर प्रकाशसंश्लेषणातील मँगनीज गुच्छाच्या बाबतीत इतकी गंभीर होती, की जपानी संशोधकांनी २०११ साली १.९ अँगस्ट्रॉमची उत्कृष्ट रचना मिळवल्यावरही २०१५ साली फेम्टोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अत्यंत छोट्या अंशांच्या, क्ष-किरण लेसर स्पंदांनी ती क्षपण होण्याआधीच पुन्हा मोजली. दोन्ही नोंदी वरवर सारख्याच दिसतात. फरक कळण्यासाठी मूळ शोधनिबंध वाचावाच लागतो.

जपानच्या केंद्राची पाने इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन आणि चिनी भाषांतही आहेत. मराठीत मात्र काहीच नाही. म्हणून आम्ही प्रयोगशाळेतील संगणकाशेजारी एक मराठी टिपण लावले आहे. विभेदनाचा आकडा कुठे पाहावा, जैविक संच कसा निवडावा आणि घनतेचा नकाशा कसा सुरू करावा, एवढेच त्यात लिहिले आहे. तेवढ्यावर दुसऱ्या सत्रातील विद्यार्थी कोणाच्याही मदतीशिवाय कामाला लागतात.