सांगलीत गेमिंग पीसी बांधायचा असेल तर विश्रामबागच्या या दुकानात आधी यादी दाखवा

हेवी पीसी म्हटलं की सगळे पुण्याला जा नायतर ऑनलाइन मागव म्हणतात, मी पण ऑर्डर टाकणारच होतो पण मित्र म्हणाला एकदा वालचंद कॉलेजजवळच्या दादांना यादी दाखव. बरं झालं गेलो.

दादांनी किंमत सांगायच्या आधी विचारलं कॅबिनेट कुठलं? घरातलंच होतं, फोटो दाखवला. मॉडेल शोधून म्हणाले यात कूलरला उंची १५५ एमएम मिळते, तू लिहिलेला नॉक्टुआ एनएच-डी१५ आहे १६५ चा, कॅबिनेटची बाजूची काच बसणारच नाही. कॅबिनेट बदललं.

सगळ्यात जास्त वेळ रॅमवर गेला. मी डीडीआर५ ६००० स्पीडच्या १६ जीबीच्या चार स्टिक लिहिल्या होत्या, चारी स्लॉट भरलेले मस्त दिसतात म्हणून. ते म्हणाले अरे एएम५ वर (एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचं सॉकेट) चार टाकल्यास तर एएमडी ३६०० स्पीडच्या वरची हमीच देत नाही, ६००० वर चालली तर चालली, त्यापेक्षा ३२ च्या दोन घे आणि बायोसमध्ये (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडवर चालवायचं सेटिंग, आठवणीनं चालू कर, नायतर ६००० चे पैसे भरून रॅम कमी स्पीडवरच चालत राहते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!

मदरबोर्ड बी६५०, प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी. सॉकेट एकच म्हणजे जमलं असं मी धरून चाललेलो. पण हे बोर्ड आले २०२२ ला आणि हा प्रोसेसर नोव्हेंबर २०२४ ला, त्यामुळं जुन्या स्टॉकमधला बोर्ड मिळाला तर बायोस अपडेट केल्याशिवाय डिस्प्लेच येत नाही. त्यांनी समोरच पेन ड्राइव्हनं फ्लॅशबॅक करून, म्हणजे नवा बायोस टाकून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. पॉवर सप्लाय ७५० वॉटचा काढून ८५० चा लावला कारण आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड एकटंच ३६० वॉट खातं.

ऑनलाइनपेक्षा एकूण दोन-अडीच हजार जास्त गेले, मला त्याचं काही वाटत नाही. कार्डसाठी मात्र आठ दिवस थांबलो, आज येतंय उद्या येतंय चाललेलं, तिथं एक फोन करून नीट सांगायला पाहिजे होतं. आणि कीबोर्ड-माऊस हाताळून बघायला काहीच ठेवलेलं नाही, ते दुसरीकडं बघा.

जाताना कॅबिनेटचा मॉडेल नंबर लिहून न्या आणि संध्याकाळी पाचच्या आत जा, नंतर पोरांची गर्दी असते मग दादांना निवांत बोलता येत नाही.