माटुंग्याला युद्धनौकांची पुस्तकं हवी असतील तर

किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या रांगेत टोकाला बसणाऱ्या काकांना विषय सांगा. ते ताडपत्रीखालून नेमकं खोकं ओढतात. मला थंड समुद्रात बुडालेल्या युद्धनौकांवरचं जाडजूड पुस्तक मिळालं, साडेतीनशेला. घासाघीस चालत नाही, पण दर रास्त आहे.

त्यातलं ‘एडिनबरा’चं प्रकरण मी पुन्हापुन्हा वाचतेय. रशियाचं सोनं नेणारी ही ब्रिटिश क्रूझर मे १९४२ मध्ये बॅरेंट्स समुद्रात बुडाली. १९८१ साली पाणबुड्यांनी सुमारे २४५ मीटर खोलीवरून ४३१ लगडी वर काढल्या. ही माणसं कामाचे सगळे दिवस जहाजावरच्या खोल पाण्याइतका दाब ठेवलेल्या टाकीतच राहायची, हेलियम मिसळलेल्या हवेत. खाली उतरताना पोशाखात नळीने गरम पाणी खेळवलेलं असायचं, नाहीतर त्या गारठ्यात हातच चालले नसते. काय हिंमत म्हणावी!

स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो या नौदल तळावरची ब्रिटिश युद्धनौका ‘रॉयल ओक’ १४ ऑक्टोबर १९३९ला बुडाली, आठशेहून जास्त खलाशांसह. ते युद्धस्मारक मानलं जातं, हौशी पाणबुड्यांना तिथे मनाई आहे. योग्यच आहे ते.

पावसाळ्यात घेताना मधली पानं उघडून बघा, माझ्या प्रतीतला नकाशा ओलीने चिकटलेला निघाला. काकांनी न मागता पन्नास रुपये परत दिले. आपल्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ला स्फोटात उडालेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरही सोनं होतं. त्यावर काही आहे का विचारलं, तर म्हणाले, “नंबर देऊन ठेवा ताई, आलं की कळवतो.”