कवितालेखन आणि मनःस्वास्थ्य : पुण्यातील एका कार्यशाळेविषयी

कवितालेखनातून मनःस्वास्थ्य या विषयावर सदाशिव पेठेतील एका संस्थेने चालवलेली ८ रविवारांची कार्यशाळा मी या उन्हाळ्यात पूर्ण केली. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण गट लहान होता आणि नावावरून सहभागींची ओळख पटू शकते. त्याच कारणाने इतरांनी काय लिहिले आणि काय वाचले याविषयीही काही सांगणार नाही. जेथे उदाहरण लागेल तेथे माझेच देईन. शुल्क ४,५०० रुपये, सत्र दोन तासांचे, चहा संस्थेचा, वही-पेन आपले. मार्गदर्शक दोघे : छंदोबद्ध कविता लिहिणाऱ्या, मराठीच्या एक निवृत्त प्राध्यापिका आणि एक समुपदेशक. माझे मत आधीच सांगून टाकते. प्राध्यापिकाबाईंच्या शिकवण्यासाठी हे शुल्क मुळीच जास्त नाही. मात्र जाहिरातीत जे आश्वासन दिले आहे ते या कार्यशाळेच्या आवाक्यातले नाही, आणि पहिल्या सहा सत्रांत जे काही साधते त्यातले बरेचसे शेवटच्या दोन सत्रांत वाया जाते.

जाहिरातीत नैराश्यावरील नैसर्गिक उपाय असे शब्द होते. पहिल्या दिवशी वाटलेल्या टिपणात त्याला आधार म्हणून जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांच्या १९८६ मधील प्रयोगाचा उल्लेख होता. तो प्रयोग महत्त्वाचा आहे यात शंका नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. त्यांपैकी ज्यांनी आयुष्यातील क्लेशकारक प्रसंग आणि त्याविषयीच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांच्या तुलनेत विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. टिपणात एवढेच होते. लिहून उठल्यावर त्याच विद्यार्थ्यांची मनःस्थिती आधीपेक्षा खालावलेली होती, हा त्याच प्रयोगातील निष्कर्ष टिपणात नव्हता. आणि त्यांनी लिहिले ते साधे गद्य होते, कविता नव्हे, हेही कोठे म्हटलेले नव्हते. पुढे २००६ मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी अशा प्रकारच्या १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लेखनाचा परिणाम चांगल्या दिशेने जाणारा, पण सरासरीने लहान असल्याचे दिसले. लहान परिणाम म्हणजे निरुपयोगी परिणाम नव्हे; पण तेवढ्या बळावर एखाद्या आजारावर उपाय सापडल्याचे सांगता येत नाही. संस्थेने हे पहिल्याच दिवशी स्वच्छपणे सांगितले असते, तर पहिल्या सत्रानंतर अधिकच उदास होऊन घरी जाणाऱ्याला आपल्यातच काही कमी आहे असे वाटले नसते.

टिपण बाजूला ठेवून प्राध्यापिकाबाई शिकवू लागल्या आणि कार्यशाळा खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्यांनी फळ्यावर काही शब्द लिहिले : दुःख, वेदना, आसवे, काळीज, एकाकी, जखम, मौन. हे शब्द आठही रविवार वापरायचे नाहीत, असा त्यांचा दंडक होता. वर्गात कुजबुज झाली, कारण बहुतेकांच्या वह्यांत तोवर याच शब्दांची गर्दी होती. मला आधी हे शास्त्राच्या विरुद्ध वाटले. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, छायाचित्रांतील चेहऱ्यांवरच्या भावनेला शब्दांत नाव देताना पाहणाऱ्यांच्या मेंदूतील अमिग्डला या, भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया सौम्य झालेली दिसली होती. भावनेला नाव दिल्याने मन शांत होत असेल, तर नावांवरच बंदी का घालावी, असे मी विचारले. बाईंचे उत्तर थोडक्यात असे होते की, मराठी कवितेत हे शब्द इतके घासून गेले आहेत की ते आता कोणत्याच भावनेचे नाव उरलेले नाहीत; ज्याचे दुःख त्याच्या घरातल्या वस्तूंतून त्याचे नाव शोधावे. मला हे उत्तर तेव्हा पटले नाही. तिसऱ्या सत्रात पटले.

त्या सत्रात अष्टाक्षरी होती. प्रत्येक चरणात ८ अक्षरे, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही, जोडाक्षर एकच धरायचे. विषय घरातील एखाद्या कागदपत्राचा होता. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. वडिलांना त्यासाठी बँकेत नेणे हे अनेक वर्षे माझे काम होते आणि गेल्या नोव्हेंबरात ते काम उरले नव्हते. ‘हयातीचा दाखला’ ही सात अक्षरे होतात. आठवे अक्षर शोधण्यात माझा निम्मा वेळ गेला. ‘तो’ घालून पाहिले, ‘हा’ घालून पाहिले, शब्दांची उलटापालट केली. त्या वेळात मी वडिलांचा विचार करत नव्हते, निव्वळ अक्षरे मोजत होते. मग ‘दे’ सुचले. ‘हयातीचा दाखला दे’ अशी ओळ झाली, आणि बँकेतल्या कारकुनाची मागणी म्हणून लिहायला घेतलेली ती ओळ मी थेट वडिलांना म्हणते आहे, हे वहीकडे पाहिल्यावर लक्षात आले. त्यांच्या जाण्यानंतर महिनोन् महिने मला रडू आले नव्हते. त्या दिवशी आले, आणि वर्गात कोणी त्याचा गवगवा केला नाही.

कवितेच्या बंधनाचा उपयोग कोठे होतो, ते मला येथे समजले. मोकळ्या गद्यात दुःखाविषयी लिहायला बसले की मन त्याच त्या वाक्यांभोवती फिरत राहते आणि पाने भरली तरी ते हलत नाही. मात्रा, अक्षरे, यमक यांची अट घातली की मनाचा सजग भाग त्या हिशेबात गुंततो, आणि ज्याची एरवी राखण चालू असते ते मागच्या दाराने बाहेर येते. शिवाय अष्टाक्षरीच्या चार ओळी झाल्या की कडवे संपते. शोकाला काठ मिळतो. मुक्तछंदात हे घडत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण नवख्या माणसाला मुक्तछंदात थांबावे कोठे हेच उमगत नाही, आणि या कार्यशाळेने नवख्यांना आधी छंद दिला हा निर्णय मला अतिशय योग्य वाटतो.

पाचवे सत्र जात्यावरच्या ओव्यांचे होते आणि ते साऱ्या कार्यशाळेतले सर्वांत श्रीमंत सत्र ठरले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील ध्वनिमुद्रणे आज ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य ऐकता येतात. बाईंनी त्यांतील काही ऐकवली आणि वह्या मिटायला सांगितल्या. पहाटे दळताना बाई ओवी म्हणते तेव्हा ती कोणाच्याही तोंडावर बोलत नाही. ‘सांगते बाई तुला’ म्हणत ती समोरच्या दळणाऱ्या बाईला, माहेरच्या भावाला, प्रत्यक्ष जात्याला किंवा सीतेला साद घालते, आणि सासरचा जाच, लेकीची काळजी, आईची आठवण अशा संबोधनाच्या आडून सांगून मोकळी होते. एकीने सोडलेली ओवी दुसरी उचलते, पुढे नेते, दुसऱ्या दिवशी आपली म्हणून गाते. त्यामुळे ती व्यथा नेमकी कोणाची, हे सासूलाही धड सांगता येत नाही. दळणाच्या फेऱ्याबरोबर श्वासाला लय येते, तो लाभ आणखी वेगळा.

आम्हाला जाते मिळणे शक्य नव्हते; टेबलावर हात गोल फिरवत, कागदाशिवाय, एकामागून एकाने ओवी जोडायची असा प्रयोग झाला. पुरुष सहभागी ‘बाई’ म्हणायला आधी लाजले, नंतर तेच थांबेनात. लिहिण्याच्या दहशतीतून सुटका होण्यासाठी याहून चांगली युक्ती मी पाहिलेली नाही. मात्र येथेही बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली, ज्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो : त्या स्त्रिया उपचार म्हणून गात नव्हत्या आणि गाण्याने त्यांचे सासर बदलले नाही. त्यांच्या ओव्यांत रामायण आहे, शेती आहे, बाबासाहेब आंबेडकरांचा अभिमानाने केलेला गौरव आहे. केवळ वेदनेचा साठा म्हणून त्यांच्याकडे पाहणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सहावे सत्र सर्वनामांचे होते. ‘मी’ची कविता ‘ती’ किंवा ‘तो’ वापरून पुन्हा लिहायची. यामागे शॅनन स्टर्मन आणि पेनेबेकर यांचा २००१ चा अभ्यास सांगितला गेला. आत्महत्या केलेल्या ९ आणि न केलेल्या ९ कवींच्या सुमारे तीनशे कवितांची तुलना केली असता पहिल्या गटात ‘मी’ आणि ‘माझे’ यांचे प्रमाण अधिक आढळले होते. यावरून सर्वनाम बदलले की मन सुधारते असा अर्थ निघत नाही, आणि समुपदेशक महाशयांनी तो जवळजवळ तसाच काढला. सराव म्हणून प्रकार चांगला आहे, थोडे अंतर मिळते. त्यापलीकडचा दावा नको होता.

हेच समुपदेशक माझ्या मुख्य तक्रारीचे कारण आहेत. जाहिरातीत त्यांचे नाव आणि पदव्या ठळक होत्या. प्रत्यक्षात ते मोजक्या सत्रांनाच हजर होते. एकदा ते नसताना एक सहभागी आपली कविता अर्धवट टाकून बाहेर निघून गेले, आणि त्यांच्यामागे कोणी जावे हे ठरायला बराच वेळ लागला. बाई भाषेच्या शिक्षिका आहेत. अशा प्रसंगाचे ओझे त्यांच्यावर टाकणे योग्य नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकावरची विनामूल्य सेवा २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. तो क्रमांक भिंतीवर लावण्याइतकी काळजीही घेतलेली दिसली नाही.

मग शेवटची दोन सत्रे. सातव्यात सादरीकरणाची तयारी झाली, आठव्यात नातेवाइकांसमोर काव्यवाचन, प्रमाणपत्र आणि गुलाबपुष्प. जेथे सहा आठवडे कोणी कोणाला ‘छान’ म्हणायचे नाही असा नियम होता, तेथे अचानक दाद मागितली जाऊ लागली, आणि कविता त्या दादेच्या दिशेने वळल्या. फळ्यावरचे निषिद्ध शब्द परत आले. काळीज तर एकाच संध्याकाळी मोजता येणार नाही इतक्या वेळा फाटले. त्यानंतर व्हॉट्सॲपच्या समूहावर प्रातिनिधिक काव्यसंग्रहाचा प्रस्ताव आला : प्रत्येकाने ठरावीक रक्कम भरायची, दोन कविता द्यायच्या, पाच प्रती घ्यायच्या. पैसे भरून छापून घेण्याची आपल्याकडची ही चाल जुनी आहे आणि हौसेला माझी हरकत नाही. पण जी ओळ कोणाला दाखवायची नाही या भरवशावर लिहिली गेली, ती आठवडाभरात छपाईसाठी मागणे मला बरे वाटले नाही. मी नकार दिला. काहींना तो देता आला नाही, असे त्यांच्या बोलण्यावरून जाणवले.

ज्यांना जवळच्या माणसाचे जाणे, निवृत्ती, स्थलांतर यांसारख्या गोष्टींनंतर मनात काहीतरी अडकून राहिल्यासारखे वाटते आणि थोडा काळ उलटला आहे, त्यांना ही कार्यशाळा मी आनंदाने सुचवीन. घाव अगदी ताजा असेल तर थोडे थांबावे. ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून यावे, आणि औषधांच्या जागी हे आहे असे कोणी सांगितले तर तेथूनच परत फिरावे. ज्यांना कवी म्हणून नाव हवे आहे त्यांना पहिली सहा सत्रे कंटाळवाणी वाटतील. पुढील तुकडी दिवाळीनंतर असल्याचे संस्थेने कळवले आहे. नोंदणीच्या वेळी समुपदेशक प्रत्येक सत्राला असणार का, हे लेखी विचारून घ्यावे. शेवटचे काव्यवाचन ऐच्छिक असल्याचे आम्हाला सातव्या सत्रापर्यंत कोणी सांगितले नव्हते, तेव्हा त्याचीही आधीच खात्री करावी. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्‌वाहन नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी बाई खालच्या खोलीत वर्ग घेतात, मात्र त्यासाठी आधी फोन करावा लागतो.