सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठीचा राखीव साठा) हिशोबाने ठेवायला लागून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

आमचं शॉप भोसरी एमआयडीसीत. माणसं पंचेचाळीस, काम हायड्रॉलिक सिलिंडरचं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या अवजारांना लागतात ते, दिवसाला साधारण चाळीस. खरेदी आणि स्टोअर दोन्ही माझ्याकडे आहे. म्हणजे माल संपला तरी शिव्या मला आणि जास्त पडून राहिला तरी मलाच.

गेल्या ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे एकच नियम होता: पंधरा दिवसांचा माल उरला की ऑर्डर टाकायची. हा नियम आमच्या स्टोअरच्या काकांचा. कोल्हापूरचं कास्टिंग असो, लुधियानाचा बोल्ट असो नाहीतर पलीकडच्या गल्लीतलं पॅकिंग असो, सगळ्याला पंधरा दिवस. फक्त सील किट (तेल गळू नये म्हणून लागणारे रबरी भाग) मालक स्वतः मागवायचे, कारण ती परदेशातून येतात आणि पैसा मोठा लागतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रीस निपल संपलं. पाच-दहा रुपयांची वस्तू, ग्रीस भरायचं छोटं तोंड. दोन दिवस लाइनच्या कडेला नव्वद सिलिंडर उभे होते, रंग मारून, टेस्ट होऊन, फक्त निपल नाही म्हणून. ग्राहकाच्या खरेदी खात्यातून तासातासाला फोन. आणि त्याच वेळी मागच्या रॅकमध्ये एम-१० चे ॲलन बोल्ट इतके होते की चार वर्षं पुरतील. मालकांनी मला त्या रॅकपुढे उभं करून विचारलं, "हे काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर हा अनुभव कुठल्या सॉफ्टवेअरचा नाही. आमच्याकडे ईआरपी (खरेदी-साठ्याच्या नोंदींची संगणक प्रणाली) आहे, त्यात किमान साठ्याचा रकानाही आहे, आणि तो सहा वर्षं रिकामा होता. आम्ही वापरलं ते एक्सेल, दोन रंगांची टेप, पुठ्ठ्याची कार्डं आणि सेफ्टी स्टॉकचं पुस्तकी सूत्र. खर्च म्हणाल तर दोन-अडीच हजार.

सूत्राला चार आकडे लागतात: रोजचा सरासरी खप, त्या खपातला चढउतार, माल यायला लागणारे सरासरी दिवस, आणि त्या दिवसांमधला चढउतार. पहिले दोन ईआरपीतून मिळाले. तिसऱ्याला हात घातला आणि कपाळाला हात लावला. ईआरपीप्रमाणे आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीचा (ओतकाम कारखान्याचा) लीड टाइम, म्हणजे माल यायला लागणारे दिवस, दोन होता. काही ठिकाणी तर शून्य. कारण उघड आहे, आणि ज्यांनी छोट्या शॉपमध्ये खरेदी केली आहे ते आता हसत असतील: ऑर्डर फोनवर जाते, पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) नंतर बनते, कधी कधी माल गेटवर आल्यावर, बिलाशी जुळवायला.

खरे आकडे निघाले ते काकांच्या डायरीतून. काका रोज संध्याकाळी डायरीत लिहायचे, कुणाला फोन केला, कुणाचा टेम्पो आला. "कोल्हापूर, १५० ग्लँड सांगितले." पुढे दहा पानांवर "कोल्हापूर आले, १४२." तीन वर्षांच्या डायऱ्या मी दोन गुरुवार घरी बसून एक्सेलमध्ये उतरवल्या. गुरुवारी इकडे सुट्टी असते, बायकोने काय ऐकवलं ते सोडून देतो.

आता एका वस्तूचा पूर्ण हिशोब मांडतो, कारण मला जे कळलं ते इथेच कळलं. सिलिंडरचा ग्लँड, म्हणजे पुढच्या तोंडाला बसतो तो बिडाचा भाग. रोजचा खप ४०. खपाचा चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, १२. लीड टाइम सरासरी ९ कामाचे दिवस. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा माल संपू नये असं ठरवलं तर गुणक १.६५. पहिल्यांदा मी सोपं सूत्र वापरलं, ज्यात पुरवठादार वेळेवरच येतो असं धरलेलं असतं: १.६५ गुणिले १२ गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ३. उत्तर साधारण ६०. साठ ग्लँड! दीड दिवसाचा माल. मी खूश, मालक खूश. काकांनी कागद बघितला आणि काही न बोलता चहा प्यायला गेले.

मग लीड टाइमचा चढउतार घातला. डायरीप्रमाणे तो होता ३ दिवस. कधी सहा दिवसांत माल, कधी पंधरा. पूर्ण सूत्रात दोन बाजू येतात: ९ गुणिले १२ चा वर्ग, म्हणजे १२९६, आणि ४० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग, म्हणजे १४४००. बेरीज १५६९६, वर्गमूळ सव्वाशेच्या आसपास, गुणिले १.६५, उत्तर २०७. साठावरून एकदम दोनशे सात. १२९६ आणि १४४०० हे आकडे शेजारी ठेवून बघा. आम्ही वर्षानुवर्षं ग्राहकाच्या बदलत्या शेड्यूलला नावं ठेवत होतो, "महिन्याच्या मध्ये शेड्यूल बदलतात, आम्ही काय करणार?" आणि आमच्या गोडाऊनमधला बहुतेक जादा माल ग्राहकासाठी नव्हताच. तो होता टेम्पो कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून.

ऑर्डर कधी टाकायची, तर ९ दिवसांचा खप ३६० अधिक २०७, म्हणजे ५६७ उरले की. काकांच्या नियमाने ६००. त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "मग मी काय वेगळं सांगत होतो?" ग्लँडच्या बाबतीत त्यांचं खरं होतं. पण तोच नियम बोल्टला लावला म्हणून चार वर्षांचा साठा झाला, कारण बोल्टची ऑर्डर पेटीवर जाते आणि रॅकवर आधीच किती पेट्या आहेत हे कुणी मोजत नाही. निपलला उलट झालं. कार्डावर पंधरा दिवस होते, मोजायला कुणी गेलंच नाही.

एक गोष्ट कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नीट सांगत नाहीत म्हणून इथे जरा थांबतो. पंच्याण्णव टक्के ऐकायला भारी वाटतं. पण आमच्या एका सिलिंडरला बारा खरेदीच्या वस्तू लागतात. प्रत्येक वस्तू पंच्याण्णव टक्क्यांवर ठेवली आणि सगळ्यांचे साठे एकाच वेळी तळाला आले असं धरलं, तर बाराच्या बारा हाताशी असण्याची शक्यता किती? ०.९५ स्वतःशी बारा वेळा गुणा: ०.५४. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं. नव्याण्णव टक्क्यांवर ठेवलं तर ०.८९ च्या जवळ. म्हणून आम्ही उलटं केलं. स्वस्त वस्तू, म्हणजे निपल, सर्क्लिप, बोल्ट, ओ-रिंग, यांना गुणक २.३३, नव्याण्णव टक्के. ट्यूब आणि क्रोम केलेला रॉड यांना १.६५, कारण त्यात पैसा अडकतो आणि त्यांच्या मागे मी रोज फोन करतोच. मालकांना सुरुवातीला हे पटत नव्हतं, "महागाचा माल कमी आणि फुटकळ जास्त?" सप्टेंबरचं निपल आठवून दिलं.

आता तक्रारीचा भाग. सूत्र कागदावर छान चालतं, रॅकवर नाही. पिवळी टेप ५६७ वर, लाल टेप २०७ वर अशी खूण केली. पिवळी दिसली की कार्ड माझ्या टेबलावर यायचं, लालला हात लावायचा तर मला विचारायचं. पहिल्या महिन्यात लालच्या खालचा माल तीन वेळा रात्रपाळीत उचलला गेला, स्लिप नाही, काही नाही. सुपरवायझरचं म्हणणं सरळ होतं: "माल समोर दिसतोय आणि मशीन बंद ठेवू?" त्याचंही चूक नव्हतं, सेफ्टी स्टॉक वापरण्यासाठीच असतो. अडचण अशी की वापरला हे मला तीन दिवसांनी कळायचं. शेवटी कुलूप वगैरे न लावता एक साधा नियम केला. लालमधला माल घेतला तर कार्ड मशीनच्या हँडलला अडकवून ठेवायचं. सकाळी फेरी मारताना ते मला दिसतं. हे चाललं. कुलूप चाललं नसतं, चावी शोधण्यात पाळी गेली असती.

दुसरी कटकट रिजेक्शनची. रॅकवर २१० ग्लँड आहेत म्हणून निवांत असावं, तर मशिनिंग करताना ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची भोकं) निघतात आणि एका लॉटमधले वीस-पंचवीस बाद. आधी हे कुठेच वजा होत नव्हतं. आता माल आल्यावर दहा नग लगेच कापून बघतो आणि क्यूसी (दर्जा तपासणी) झाल्याशिवाय तो लॉट मोजतच नाही. सील किटमध्ये वेगळीच गोम आहे, रबर पडून पडून म्हातारं होतं. पाकिटावरची तारीख बघून जुनं आधी द्यायचं हे सांगायला सोपं, पण नवीन पाकीट नेहमी वरच असतं. तिथे मी अजून हरतोच आहे.

सूत्राची खरी मर्यादा मात्र ही, की त्याला कॅलेंडर कळत नाही. दिवाळी-छठला फाउंड्रीतली आणि आमच्या पेंटशॉपमधली यूपी-बिहारची पोरं गावाला जातात, दहा दिवसांचं सांगून तीन आठवड्यांनी येतात. हे "चढउतार" नव्हे, हे दरवर्षी ठरलेलं. ते तीन आठवडे सरासरीत मिसळले तर वर्षभर उगाच जास्त माल ठेवावा लागतो. आम्ही ते बाजूला काढले आणि दिवाळीआधी वेगळा साठा केला.

पावसाळ्याचं तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेवर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. सूत्र ज्यावर उभं आहे त्या घंटेच्या आकाराच्या आलेखात असा दिवस कुठे बसवणार? माझी आई कोकणातली. मे महिन्यात तिच्या माहेरी आगोट भरायचे, सुकी मासळी, मसाला, तांदूळ, सगळं पाऊस लागायच्या आत. आम्ही मे महिन्यात ग्लँडची आगोट भरली, दहा दिवसांचा जादा माल, सूत्राच्या बाहेर, कार्डावर निळी टेप. ऑक्टोबरमध्ये ती संपवायची, पुन्हा भरायची नाही. ती कामाला आली की नाही हे अजून कळायचं आहे, पाऊस आत्ता कुठे लागतोय.

आमच्या ग्राहकाकडून एक सल्लागार आले होते. ते म्हणाले, टोयोटा बघा, शून्य साठा. मी टोयोटाबद्दल जे वाचलंय ते जरा वेगळं आहे. १९९७ च्या १ फेब्रुवारीला जपानमध्ये करिया इथे आयसिनच्या कारखान्याला आग लागली, ब्रेकमधला एक हातात मावणारा व्हॉल्व्ह यायचा बंद झाला आणि टोयोटाचे जपानमधले कारखाने काही दिवस थांबले. २०११ च्या भूकंपानंतर तर त्यांनी चिपसारख्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. कुठे शून्य आणि कुठे महिने, हे त्यांनी वस्तू बघून ठरवलं. सल्लागारांना हे बोललो नाही, ग्राहकाचा माणूस होता.

पैशाचं सांगायचं तर ऑक्टोबरला स्टोअरमध्ये साधारण बासष्ट लाखांचा माल होता, मेच्या आगोटीआधी तो एकावन्नवर आला. त्यातला बराच भाग जुने बोल्ट वापरून आणि काही भंगारात काढून कमी झाला, त्यामुळे सगळं श्रेय सूत्राला देत नाही. आणि एक गंमत: बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं, साठ्यावर कॅश क्रेडिट (खेळतं कर्ज) मिळतं. साठा कमी झाला तसं उचलता येणारं कर्जही कमी झालं, आणि फेब्रुवारीत मालकांनीच विचारलं, "हे कमी करून आपण फसलो तर नाही ना?" व्याज वाचतंय हे समजावायला सीएंना बसवावं लागलं.

लाइन थांबण्याचे प्रसंग? आधीचे सहा महिने आठ, हे नऊ महिने तीन. तीनपैकी दोन सील किटचे, जहाजाला उशीर. पन्नास दिवसांच्या लीड टाइमला दहा दिवसांचा चढउतार असेल तर त्या एकाच चढउतारापायी सहाशे साठ किट जादा ठेवावी लागतात, आणि तेवढे पैसे मालक सोडत नाहीत. तिथे आम्ही जाणूनबुजून जुगार खेळतोय.

पाचपैकी साडेतीन तारे देईन. ज्यांच्याकडे काकांसारखी डायरी नाही त्यांनी आधी तीन महिने नुसत्या तारखा लिहाव्यात, तोवर सूत्र उघडू नये.

शेवटी त्या तीन दिवसांच्या चढउताराबद्दल. जानेवारीत मी कोल्हापूरला फाउंड्रीत गेलो, म्हटलं उशीर का होतो ते समोर बसून विचारू. तिथला मालक भला माणूस, तांबडा-पांढरा खाऊ घातला आणि मग वही उघडली. "भाऊ, तुमचं पेमेंट ऐंशी दिवसांनी येतंय. जो पंचेचाळीसला देतो त्याचा पॅटर्न पहिला भट्टीवर चढतो. तुमचा मग उरल्या वेळात." मी परत येताना साताऱ्यापर्यंत गप्प होतो. साठाच्या जागी दोनशे सात ग्लँड ठेवत होतो ते आमच्याच उशिराच्या चेकमुळे. आमच्या मालकांना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि काही झालं नाही. झालं ते मार्चमध्ये, सीएंमुळे. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४३बी एच प्रमाणे, छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंत बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ३१ मार्चच्या आत सगळ्यांचे हिशोब मिटले आणि तेव्हापासून पंचेचाळीसच्या आत जातात.

एप्रिलपासून कोल्हापूरचे नऊ टेम्पो आले. सगळे आठ ते अकरा दिवसांत. चढउतार सव्वा दिवसाच्या आसपास आलाय, म्हणजे हिशोबाने लाल टेप २०७ वरून १०२ वर आणता येईल. काका म्हणाले, पाऊस जाऊ दे. लाल टेप अजून २०७ वरच आहे.