एकटं, चावरं बदक कुठे द्यायचं? कर्जतकडच्या फार्मचा आमचा अनुभव

ज्यांच्याकडे एकटंच बदक आहे आणि ते अंगावर यायला लागलंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत काहीच धड सापडलं नाही. आमचा पिंट्या म्हणजे पेकिन या पांढऱ्या बदकांच्या जातीतला नर, जोडीने आणलेली पिल्लं, त्यातलं एक मांजराने नेलं आणि हा माणसांतच वाढला. वयात आल्यावर मान वरखाली करत मागे मागे यायचा, पायजमा चोचीत धरून पायावर चढायचा, सासूबाईंची पोटरी तर काळीनिळी केली. जो तो म्हणे तलावात सोडून द्या. कृपा करून सोडू नका! पेकिन अंगाने जड, उडता येत नाही, कुत्रं आलं की खेळ खलास, आणि आयत्या खाण्यावर वाढलेलं पाखरू स्वतःचं पोट भरणार कसं.

आधी एका ठिकाणी विचारलं तर पहिला प्रश्न वजन किती भरेल, मी फोन ठेवूनच दिला. कर्जतकडच्या फार्मवरच्या ताईंनी मात्र इतके प्रश्न विचारले की मला बरं वाटलं. शेपटीवर वळलेलं पीस आहे का, आवाज घोगरा आहे का (दोन्ही नराच्या खुणा), पाव देता का, पाय लंगडतो का, कारण कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात नायसिन (एक बी जीवनसत्त्व) बदकाला पुरेल एवढं नसतं आणि मग पाय वाकडे होतात. व्हिडिओ मागवून बघितला आणि म्हणाल्या, अहो हा भांडत नाहीये, जोडीदार शोधतोय, त्याला तुम्हीच त्याचा कळप वाटताय. मान हलवणं, कापड धरणं, पायावर चढणं, नर मादीपाशी हेच सगळं करतो म्हणे. इतके दिवस घरात सगळे त्याला माजलाय म्हणत होते, मला रडूच आलं.

नेल्या नेल्या कळपात सोडला नाही हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आधी वेगळ्या खुराड्यात, आजार वगैरे काही नाही ना बघायला, मग जाळीच्या पलीकडे माद्या, एकमेकांना दिसतील पण चोच लागणार नाही असं, आणि मगच एकत्र. एका नरामागे निदान चार-पाच माद्या ठेवतात, नाहीतर माद्यांच्या मानेची पिसं उपटून जखमा होतात. कोंबड्यांत नर बदक कधीच सोडत नाहीत, कोंबडीला आतून इजा होऊन ती मरूही शकते, हे जिथे माहीत नाही तिथे आपलं बदक देऊच नका. पाणीही पसरट ताटात नाही, अख्खं डोकं बुडेल एवढं, त्यानेच डोळे आणि नाकपुड्या साफ राहतात.

पैसे घेतले नाहीत, खाद्याची एक गोणी घेतली, आणि विकणार नाही, कापणार नाही हे कागदावर लिहून दिलं. ते आपणहून दिलं, मागावं लागलं नाही!

आता खटकलेलं पण सांगते. फोन दुपारी लागतच नाही, शेवटचा रस्ता फार खराब आहे, आणि सुरुवातीला भेटायला येऊ देत नाहीत, आपण दिसलो की तो परत माणसांकडे ओढ घेतो म्हणून. कारण पटतं पण तेवढे दिवस जीव नुसता टांगणीला, निदान एखादा फोटो तरी पाठवायला हवा होता.

नंतर जाऊन आलो. पिंट्या माद्यांबरोबर चिखलात चोच खुपसून किडे शोधत होता, आम्हाला बघून आला, पण चावला नाही. अगदी गाय झालाय असं नाही हं, अंड्यांच्या दिवसांत कामवाल्या दादांच्या गमबुटावर अजून धावून जातो, तेव्हा ते मध्ये बादली धरतात आणि तो जातो निघून. एवढं चालतंय की.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. जायचं असेल तर फोन सकाळी लवकर करा, बदक हवा खेळती राहील अशा क्रेटमध्ये खाली पेंढा घालून न्या, आणि रोजचं खाद्य थोडं बरोबर द्या, एकदम बदललं तर पोट बिघडतं. पावसाळ्यात छोटी गाडी शेवटपर्यंत जात नाही.