टाळूच्या ऑब्च्युरेटरसाठी तोंडातला स्कॅनर, आठ महिन्यांनंतर: ‘ऑटो फिल’ आधी बंद करा

क्राउन-ब्रिजला स्कॅनर उत्तम चालतो, त्यावर शब्द घालवत नाही. सांगलीत आठ महिने तो टाळूच्या ऑब्च्युरेटरसाठी, म्हणजे टाळूचं भोक बंद करणाऱ्या प्लेटसाठी वापरतोय आणि माझा सगळा राग एका ‘ऑटो फिल’वर आहे, म्हणजे स्कॅनमधली रिकामी जागा आपोआप बुजवणाऱ्या सेटिंगवर.

कॅन्सर किंवा म्युकरमायकोसिसच्या ऑपरेशननंतर टाळूला जी पोकळी राहते, तिच्या अंडरकटमागचा (आत रुंद होत जाणाऱ्या कडेमागचा) भाग कॅमेऱ्याला दिसतच नाही. ओली त्वचा चमकते ते वेगळंच. जिथे माहिती नाही तिथे सॉफ्टवेअर गुळगुळीत पडदा ओढतं आणि एसटीएल (त्रिमितीय आकाराची) फाईल काढताना अवाक्षर काढत नाही. प्लेट छान बसते. पेशंट पाण्याचा घोट घेतो आणि पाणी नाकातून येतं. थ्रीडी प्रिंटरचं रेझिन गेलं, वेळ गेला, पेशंटची जतहून एसटीची फेरी वाया गेली. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर एकच, ‘अपडेट टाका’. टाकलं, तर सेटिंग पुन्हा चालू!

म्हणून प्रत्येक फाईल जाळीच्या व्ह्यूमध्ये बघा, त्यात आकार ज्या त्रिकोणांनी बनतो ते दिसतात. खऱ्या स्कॅनचे त्रिकोण बारीक, दाट आणि वेडेवाकडे असतात. बुजवलेल्या जागी मोठे, ताणलेले.

तिसऱ्या महिन्यात मी स्कॅनरला या कामापुरतं निकामी ठरवलं होतं. ते मत बदललं. आता दात आणि शाबूत टाळू स्कॅन करतो, पोकळीचं माप मात्र सिलिकॉननेच घेतो. पोकळीत वरच्या बाजूला आधी व्हॅसलीन लावलेला गॉज, त्याला दोरा बांधलेला, नाहीतर तो वरच अडकतो. माप घेताना पेशंटला गिळायला, ‘आ’ म्हणायला आणि जबडा दोन्ही बाजूंना हलवायला लावा. मऊ टाळूची हालचाल स्थिर स्कॅनमध्ये येत नाही. मग ते मापच बाहेर स्कॅन करायचं, पृष्ठभाग उलटा करायचा आणि दातांवरून जुळवायचं.

बल्ब, म्हणजे प्लेटचा पोकळीत शिरणारा फुगीर भाग, पोकळ ठेवा, भिंत 2 मिमी. पूर्ण बंद बल्ब छापू नका, आत ओलं रेझिन अडकून राहतं. 3 मिमीची दोन भोकं ठेवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, हवा मारा, क्युअर करा (प्रकाशाने पक्कं करा), मग त्याच रेझिनने बुजवा.

आनंदाची गोष्ट एक: प्लेट तुटली तर त्याच फाईलवरून दुसरी छापता येते, नव्याने माप घ्यावं लागत नाही. फक्त ऑपरेशन किंवा रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली फाईल परत वापरू नका, ती फाईल घेतल्यानंतर पोकळी आकसून बदललेली असते.